निकम सरांनी ऐकलं होतं

आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये नवी मुलं दाखल झाली की पहिल्या महिन्यात केव्हातरी सिम्युलेटरच्या खोलीतून आरोळी यायची, "अरं निकम, लय खाली आलास. वर घे." बाहेर बाकावर बसलेले पालक चपापायचे. आत निकम म्हणजे हणमंतराव निकम, शाळेतले सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षक, सत्तरी ओलांडलेले. आणि त्यांना अरेतुरे करणारं पोर जेमतेम मिसरूड फुटलेलं. मग मला बाहेर जाऊन समजूत घालावी लागायची की तुमचा मुलगा उद्धट नाही, सरांनीच त्याला असं बोलायला लावलंय, आणि बोलला नाही तर ते त्याला पुढच्या धड्याला हात लावू देणार नाहीत.

मी मूळची सांगलीची. कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहते आणि या शाळेत हवामान शिकवते. विमान चालवत नाही. ढग कुठे आहेत ते सांगते, बाकीचं देवावर आणि मुलांवर सोडते. निकम सरांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं, त्यामुळे त्यांचा चहा, त्यांची सुपारी आणि त्यांच्या तक्रारी, तिन्हींत माझा वाटा असायचा.

सर मेढ्याकडच्या डोंगरातल्या गावचे. घरातले सगळे पुरुष फौजेत, हे तेवढे विमानात. रेडिओवर त्यांचं इंग्रजी ऐकलं तर वाटायचं, हा माणूस विलायतेत जन्मला असावा. हेडफोन काढला की पुन्हा "काय म्हणलासा?" इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात कोल्हापुरी चपला. सिम्युलेटरमध्ये शिरताना मात्र बूट घालायचे. सिम्युलेटर म्हणजे खोलीत ठेवलेली विमानाची खोटी केबिन. तिथे चपला चालल्या असत्या, पण सरांना ते पटत नसे.

त्यांचे कान विलक्षण होते. दोन खोल्या पलीकडे शिपायाने कप ठेवला तरी त्यांना कळायचं की चहा आला. आणि तरीही त्यांच्यासमोर कुणी पुटपुटलं की ते थांबायचे आणि म्हणायचे, "मोठ्यानं बोला. परत बोला." त्यांनी ऐकलेलं असायचं हे मला ठाऊक होतं. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, ऐकू आलंय तुम्हाला." ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आलंय की. पण ज्यानं सांगितलं त्याला कळाय नको व्हय, की आलंय?" तेव्हा मला तो म्हातारपणाचा चाळा वाटला.

त्यांचा आवडता धडा एकच. त्याचं नाव नॉन-प्रिसिजन ॲप्रोच, आणि सर त्याला बिनकठड्याचा जिना म्हणायचे. मोठ्या विमानतळांवर उतरताना यंत्रणा विमानाला दोन्ही गोष्टी सांगते: धावपट्टी डावीकडे आहे की उजवीकडे, आणि तुम्ही आत्ता किती उंचीवर असायला हवं. लहान विमानतळांवर ही दुसरी सोय बऱ्याचदा नसते. दिशा तेवढी कळते. इतक्या मैलांवर इतकी उंची, असे आकडे जुळवत वैमानिकाने स्वतःच ढगातून उतरायचं. एक उंची आधीच ठरलेली असते. तिथे पोचेपर्यंत धावपट्टी दिसली तर खाली, नाही दिसली तर वर. त्या उंचीखाली न दिसता जायचं नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

"आणि ह्या जिन्यावर ऑटोपायलट लावायचा," सर फळ्यावर खडू आपटत सांगायचे. मुलांना ते अपमानाचं वाटायचं. एवढी फी भरून शिकायला आलो ते यंत्राकडून उडवून घ्यायला का, असा त्यांचा चेहरा. सर म्हणायचे, "हात गुतलं की डोकं गुततं. आन् डोकं गुतलं की कान मरतो. ऑटोपायलट सालगड्यासारखा हाय. अमक्या वेगानं खाली जा म्हणलं की सरळ जातो, दमत न्हाई, चिडत न्हाई. पर त्या ठरल्या उंचीला तो आपणहून थांबणार न्हाई. का? तर धावपट्टी दिसली न्हाई तर जिथवर चढायचं, ती वरची उंची आपण त्याला आधीच लावून ठेवल्याली असती. खालची त्याला ठाऊकच न्हाई. जमीन आली तरी तो चालतच ऱ्हाणार. थांबवायचं माणसानं. एकानं यंत्र बघायचं, दुसऱ्यानं आकडं बोलायचं, आन् बोललेलं पहिल्यानं ऐकायचं." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा खडू फळ्यावरून खाली यायचा.

फलटणची प्रणाली आमच्याकडे शिकायला होती तेव्हाची गोष्ट. घरात मोठ्यांसमोर मान वर न करण्याचं वळण, हुशारी मात्र चुलीवरच्या दुधासारखी उतू जाणारी. सर कॅप्टनच्या खुर्चीत बसले, तिला शेजारी बसवलं, ऑटोपायलटला खाली जायला लावलं आणि मग पुतळ्यासारखे गप्प राहिले. मी मागे हवामानाचे आकडे भरत उभी होते. ठरलेली उंची आली आणि गेली.

"सर, उंची," प्रणाली म्हणाली.

सर हलले नाहीत.

"सर, उंची बघता का जरा?"

सर तरीही हलले नाहीत. "सर, प्लीज," असं ती म्हणेपर्यंत पडदा लाल झाला. सरांनी दिवा लावला आणि तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "मेलो, पोरी, आपण. आदबीनं मेलो."

ती रडकुंडीला आली. "तुम्ही माझ्या आजोबांच्या वयाचे आहात सर. माझी जीभ वळत नाही."

"मग आजोबाला घिऊन मर. इथं मी सर न्हाई. इथं मी निकम. अरं निकम, वर घे, असं म्हणायचं. आन् मी न्हाई ऐकलं तर माझ्या हातातनं काढून घ्यायचं."

तिसऱ्या दिवशी प्रणालीची आरोळी मैदानातल्या धावपट्टीपर्यंत ऐकू गेली, आणि सरांनी सगळ्यांना भजी खिलवली. हा नियम त्यांनी घरीही लावून बघितला होता. काकूंना, म्हणजे बायकोला म्हणाले, मला नावानं हाक मारत जा. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू मला हसून सांगत होत्या, "आवं बाई, ह्यांचं काय घिऊन बसलाय. इतकी वर्सं मी सांगतीया न्हाणीघराचा नळ गळतोय, त्ये ह्यांस्नी ऐकू येत न्हाई. नावानं हाक मारून काय येणार हाय?" सर हसले नाहीत. उठून पाना आणायला गेले.

सर काहीतरी मनात धरून आहेत, हे मला बेदाण्यांमुळे कळलं. महिन्या-दोन महिन्यांनी ते एसटीने सांगलीला जायचे आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर बेदाण्याचा पुडा असायचा. बेदाणा वाळवायच्या एकाच शेडवरचा, लांबट हिरवा, उत्तम. आम्ही मुठी भरभरून खायचो. सर एकही दाणा तोंडात टाकत नसत. सांगलीत काय काम काढता, विचारलं तर म्हणायचे, "काम झालं न्हाई."

एकदा शाळेत एक पाहुणे कॅप्टन आले. रुबाबदार माणूस. मुलांसमोर त्यांनी सरांची फिरकी घेतली: "खरा वैमानिक हाताने उतरवतो. ऑटोपायलट काय, कुणीही लावेल." मुलं हसली. सर म्हणाले, "मीबी हातानंच उतरवलं होतं," आणि वर्गातून बाहेर पडले. त्या दुपारी स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. चहा गार होऊ देत त्यांनी मला सगळं सांगितलं, मी काही विचारलं नसताना.

तेव्हा ते एका कंपनीचं लहान विमान चालवायचे. शेजारी कोपायलट दिलीप माळी, सांगलीचा तरुण मुलगा, सरांना देव मानणारा. मागे एका साखर कारखान्याचे इंजिनियर देसाई, एकटेच प्रवासी. समुद्राकाठचं छोटं विमानतळ, ढग खाली टेकलेले. दिलीप म्हणाला, "ऑटोपायलट लावू का सर?" सर म्हणाले, "माझं हात मोडल्यात काय?" आणि बिनकठड्याच्या जिन्यावरून हाताने उतरू लागले. धावपट्टी दिसत नव्हती. ठरलेली उंची आली. दिलीप हळूच म्हणाला, "सर, उंची."

"मी ऐकलं, बाई," निकम सर म्हणाले. "लख्ख ऐकलं. मला वाटलं, अजून दोन सेकंद. दोन सेकंदात दिसंल. आन् पुढं काजूची झाडं दिसली."

विमान झाडांना घासून धावपट्टीच्या अलीकडे आपटलं. ह्या दोघांचं खरचटण्यावर निभावलं. देसाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चौकशीत सरांना विचारलं, कोपायलटने इशारा दिला होता का? सर म्हणाले, मला ऐकू आला नाही. एवढ्या लहान विमानात बोलणं टिपणारं यंत्र नव्हतं. दिलीपला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दिला होता, पण मी हळू बोललो, सरांना ऐकू गेलं नसेल. सर काही महिने घरी बसले आणि पुन्हा उडू लागले. दिलीपला कंपनीने काढलं, आणि वेळेवर न बोलणारा कोपायलट असं नाव झाल्यावर दुसऱ्या कुणी घेतलं नाही. तो सांगलीला परतला आणि बेदाण्याच्या धंद्यात पडला.

"तुम्ही त्याच्याच शेडवर जाता?" मी विचारलं.

"जातो. गड्याकडनं पुडा घेतो. तो आत हिशोब करत बसल्याला दिसतो. पाय पुढं पडत न्हाई. एस्टी धरतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. एका मुलाचं आयुष्य त्यांनी एका वाक्यात मोडलं होतं आणि वर आम्हाला त्याचे बेदाणे खायला घातले होते. पण समोर बसलेला माणूस गार चहात उगाच चमचा फिरवत होता, आणि मला राग आला नाही. त्याची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशीपासून मी त्या पुड्याला हात लावला नाही, एवढंच माझं शौर्य.

मग गेल्या वर्षी प्रणाली आली. आता ती मोठ्या विमानात कोपायलट आहे. साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आली, सरांच्या पाया पडली, आणि उभ्या उभ्याच सांगू लागली. एका लहान विमानतळावर असंच ढगातून उतरत होते. ठरलेल्या उंचीला काही दिसत नव्हतं आणि कॅप्टन अजून जरा बघू म्हणून रेंगाळला. ती ओरडली, वर घ्या. कॅप्टनने वर घेतलं. नंतर त्याने तिचा हात हातात घेऊन आभार मानले.

"तुमच्यामुळे सर," ती म्हणाली. "तुमच्या त्या कोपायलटची गोष्ट आम्ही सगळे एकमेकांना सांगतो. ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलणं, हा गुन्हाच आहे. त्याच्यामुळे बिचाऱ्या माणसाचा पाय गेला."

सरांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी खोक्यात परत ठेवला. अपघाताची गोष्ट ते वर्गात सांगत, हे मला माहीत होतं. ती कशी सांगत, हे मला त्या क्षणी कळलं. चौकशीत सांगितली तशीच.

प्रणाली गेल्यावर ते खिडकीशी गेले. मग म्हणाले, "बाई, मी ह्या पोरांस्नी काय शिकवलं? मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला. म्हंजे चूक हळू बोलणाऱ्याची. सगळ्या पोरांच्या तोंडी मी माळीची चूक घातली. मला वाटत हुतं, मी फेडतोय. मी तर त्येच खोटं रोज परत बोलत हुतो." आणि थोड्या वेळाने, "मला सांगलीला सोडशीला का? डोळ्याचं आपरेशन झालंय, एस्टीची पाटी वाचता येत न्हाई."

सकाळी निघालो. इस्लामपूरच्या पुढे ऊस बघून सर एवढंच म्हणाले की यंदा तोडणी लांबली. शेडवर पोचलो तेव्हा बायका जाळ्यांवर बेदाणा निवडत होत्या आणि दिलीप माळी वजनकाट्याशी उभा होता. केस पांढरे झालेले, चेहरा मोकळा. सरांना बघताच तो धावत आला आणि वाकून पाया पडला. सरांनी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता.

"सर, आवं तुमी? इकडं कवा आलासा? फोन तरी करायचा. चहा सांगतो."

"चहा नको. दिलीप, मी ऐकलं हुतं."

"काय?"

"तू उंची म्हणलास त्ये. मी ऐकलं हुतं. तवाच. चौकशीत खोटं बोललो."

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. दिलीपने काट्यावरचं खोकं उतरवून खाली ठेवलं. मला वाटलं होतं की तो चिडेल, किंवा रडेल, किंवा जाऊ द्या सर म्हणेल. सरांनाही यांपैकीच काहीतरी हवं असावं. तो बोलला तेव्हा त्याने आवाजही चढवला नाही.

"माझा बाप मला म्हणाला हुता, एवढा शिकवला आन् तुला तोंड उघडता आलं न्हाई. तसाच गेला तो. त्यानंतर मी घरात, धंद्यात, कुठंबी बोलताना आधी ठरवतो, मोठ्यानं बोलायचं. पोरं म्हणत्यात, पप्पा, ओरडताय कशापायी." तो थांबला. "ते ऱ्हाऊ दे. सर, मी दर पाडव्याला आष्ट्याला जातो. देसाईसायबांकडं. त्यांच्यापुढं बसतो आन् म्हणतो, सायब, मी मोठ्यानं बोललो असतो तर तुमचा पाय वाचला असता. ते म्हणत्यात, सोड रं दिलीप. पुढच्या पाडव्याला मी परत जातो."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मला आता काय सांगू नका," दिलीप म्हणाला. "मला सांगून तुमी मोकळं हुणार, आन् मी पाडव्याला तिथं जाऊन काय म्हणू? मी सांगणार न्हाई त्यांना. तुमी सांगायचं. चला."

तो माझ्या शेजारी पुढे बसला. निकम सर मागे. आष्ट्यापर्यंत गाडीत फक्त दिलीपने मला वळणं सांगितली, डावं, उजवं, आता सरळ.

त्या दिवसानंतर सर शाळेत आले नाहीत. मेढ्याकडे गावी गेले. काकूंचा फोन यायचा, सर ओट्यावर बसून असतात, बोलत नाहीत फारसं. श्रावणात सर वारल्याचा फोनही काकूंनीच केला. त्यामुळे माझ्या आठवणीत राहिलेले शेवटचे सर हे त्या दिवशी आष्ट्यात पाहिलेले आहेत.

देसाईंचं घर रस्त्यालगत, पुढे छोटी पडवी. म्हातारे देसाई पडवीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते, काठी शेजारी, पायजम्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला. सर गाडीतून उतरले आणि दिलीपच्या खिडकीशी थांबले. "तू येत न्हाईस?"

"न्हाई. माझं तिथं आता काय काम?"

सर एकटे फाटकातून आत गेले. देसाईंनी चष्मा वर करून बघितलं, ओळखायला वेळ लागला, मग चेहरा उजळला आणि त्यांनी काठीच्या टोकाने समोरची रिकामी खुर्ची सरांकडे सरकवली. सर बसले नाहीत. पायरीवरच उभं राहून बोलू लागले. आम्हाला गाडीत शब्द ऐकू येत नव्हते. सरांची पाठ तेवढी दिसत होती, इस्त्रीचा सदरा आणि बाजूला सरळ सोडलेले हात. फार वेळ लागला नाही. जे सांगायचं होतं ते थोडंच होतं.

देसाई सरांकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे त्यांची नजर आली आणि तिथेच थांबली. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"दिलीप," त्यांनी हाक मारली, "बाहेर कशापायी बसलाईस? ये आत."

दिलीप उतरला. फाटकापासून पडवीपर्यंत तो अडखळत गेला. निकम सर पायरीवरून बाजूला झाले, त्याला वाट दिली. दिलीप त्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. देसाईंचा हात त्याच्या डोक्यावर गेला.

सरांना कुणी बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. ते खाली अंगणात उन्हात उभे राहिले.